कंडेन्सर वाढवण्याआधी ट्रान्सफॉर्मरचा हिशोब मांडा: पॉवर फॅक्टर आणि रेझोनन्स

कोल्हापूरची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामाला लागलेला हिस्सा) घसरला की उपाय ठरलेला असतो: "अजून एक पंचवीसचा कंडेन्सर (कपॅसिटर) टाका." नुसत्या साध्या इलेक्ट्रिक मोटारी चालणाऱ्या कारखान्यात तो चालूनही जातो. पण आवारात इंडक्शन भट्टी, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) किंवा मोठा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) असेल, तर तोच कंडेन्सर सहा महिन्यांत फुगतो, फ्यूज जातात, पॅनलमधून घुंई आवाज येऊ लागतो आणि सगळा राग कंडेन्सर विकणाऱ्यावर निघतो. माल बऱ्याचदा चांगला असतो, चुकलेला असतो तो हिशोब. तो वर्गमुळापलीकडचा नाही, म्हणून इथे पायरी-पायरीने मांडतो.

लेख ४१५ व्होल्टच्या पॅनलपुरता आहे. ११ केव्हीच्या बाजूला परवानाधारक कंत्राटदाराशिवाय कुणी हात घालू नये.

पहिली पायरी: वर्षभराची बिलं समोर घ्या

बिलात चार आकडे शोधायचे: केडब्ल्यूएच, आरकेव्हीएएच लॅग, आरकेव्हीएएच लीड आणि केव्हीएमधली कमाल मागणी. किलोवॅट म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागलेली वीज. केव्हीएआर म्हणजे मोटर, ट्रान्सफॉर्मर, वेल्डिंग सेट यांच्या लोखंडात चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठी जाणारी आणि प्रत्येक आवर्तनात परत येणारी वीज. ती काम करत नाही, पण केबलमधून ये-जा करते आणि केबल तापवते. मोटारींनी ओढली ती लॅग, कंडेन्सर जास्त झाल्याने उलट बाजूची झाली ती लीड; तासांच्या हिशोबात हीच आरकेव्हीएएच. दोन्हींचा काटकोनी मेळ म्हणजे केव्हीए. किलोवॅटला केव्हीएने भागलं की पॉवर फॅक्टर.

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल लागतं. आधी पॉवर फॅक्टर चांगला ठेवला की वेगळी सवलत आणि वाईट ठेवला की वेगळा दंड दिसायचा. आता दंडाची ओळ गेली आणि तो दंड युनिटमध्येच मुरला. त्यामुळे "आम्हाला पेनल्टी येत नाही" असं समाधान मानणारे मालक भेटतात. केडब्ल्यूएचला केव्हीएएचने भागून बघा म्हणावं, ०.९२ आलं तर प्रत्येक १०० केव्हीएएचमागे ८ फुकट गेले. लघुदाब जोडणी असेल तर तुमच्या वर्गवारीला कोणती पद्धत लागू आहे ते बिलावरच तपासा.

इथे एक खाच आहे. केव्हीएएच काढताना लॅग आणि लीड एकमेकांतून वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणजे दिवसा लॅग आणि सुट्टीच्या दिवशी कंडेन्सर तसेच जोडलेले राहिल्यामुळे लीड, असं झालं तर दोन्हींचे पैसे लागतात. लीडच्या रकान्यात मोठा आकडा दिसला तर नवा कंडेन्सर घेण्याची गरज नाही, आहेत ते वेळेवर सुटत नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी पायरी: पॉवर फॅक्टर कोण खातंय ते शोधा

पूर्ण भारावर चालणारी चांगली मोटर ०.८५च्या आसपास असते. तीच रिकामी फिरली की ०.३ पर्यंत खाली येते, कारण काम कमी झालं तरी चुंबकनाचा करंट तेवढाच राहतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांवरच्या छोट्या मोटारी, उद्यमनगरात जॉब बदलताना चालूच ठेवलेली लेथ, टाकी भरल्यावर नुसता फिरणारा कॉम्प्रेसर, सगळीकडे हीच गोष्ट. २० एचपीच्या जागी "असू दे, पुढं उपयोगी पडेल" म्हणून बसवलेली ३० एचपीची मोटर रोज तुमचा पॉवर फॅक्टर खात असते. आधी हे आवरा. रिकामी मोटर बंद करायला कंडेन्सर लागत नाही.

तिसरी पायरी: किती केव्हीएआर लागतील

सूत्र एकच: किलोवॅट गुणिले दोन टॅन्जंटमधला फरक (पॉवर फॅक्टर ज्या कोनाचा कोसाइन, त्याच कोनाचा टॅन्जंट). भार ६० किलोवॅट आहे, पॉवर फॅक्टर ०.७५ आहे आणि ०.९८ करायचा आहे असं समजू. ०.७५ ला टॅन ०.८८२, ०.९८ ला ०.२०३. फरक ०.६७९, गुणिले ६०, म्हणजे साधारण ४१ केव्हीएआर.

यातून मिळतं काय? ४१५ व्होल्टवर या भाराचा लाईन करंट १११ अँपिअरवरून ८५ वर येतो. केबलमधला तोटा करंटच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरपासून पॅनलपर्यंतच्या केबलमधला तोटा सुमारे ४१ टक्के उतरतो. मात्र कंडेन्सर मेन पॅनलला असेल तर पॅनलपासून मोटरपर्यंतच्या केबलला याचा काडीचा फायदा नाही. तिथे जुनाच करंट वाहत राहतो.

खरेदीत एक गफलत नेहमी होते. कंडेन्सरवर "२५ केव्हीएआर, ४४० व्होल्ट" छापलेलं असतं. ४१५ व्होल्टवर तो २५ देत नाही, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ०.८९ पट, साधारण २२ देतो. म्हणून ४१ हवे असतील तर छापील ४६ लागतात.

चौथी पायरी: ट्रान्सफॉर्मरला विचारा

बहुतेक लोक तिसऱ्या पायरीवर थांबून ऑर्डर देतात. खरा प्रश्न इथून पुढे आहे.

ट्रान्सफॉर्मरची चुंबकीय गळती म्हणजे इंडक्टन्स. तुम्ही कंडेन्सर जोडला तो कपॅसिटन्स. दोन्ही एकत्र आले की त्यांची एक स्वतःची फ्रीक्वेन्सी ठरते. उसाची रिकामी ट्रॉली एका ठराविक वेगालाच हिसके देऊ लागते, वेग कमी-जास्त केला की पुन्हा शांत होते, तसंच हे. ५० हर्ट्झला काही होत नाही. पण त्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीचा करंट कुणी आत सोडला, तर तो ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर यांच्यात कित्येक पटींनी वाढून फिरू लागतो. हाच रेझोनन्स.

असा करंट सोडतं कोण? सहा-पल्सचा कोणताही कन्व्हर्टर, म्हणजे साधी व्हीएफडी आणि भट्टीचा रेक्टिफायर. त्यातून ५वा, ७वा, ११वा, १३वा हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या तितक्या पटीचा करंट निघतो: २५०, ३५०, ५५० आणि ६५० हर्ट्झ. बारा-पल्सच्या भट्टीत ५वा आणि ७वा बराचसा जातो, ११वा-१३वा उरतो.

आता हिशोब. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरचा इम्पिडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) टक्क्यांत घ्या. २५० केव्हीए आणि ५ टक्के असेल तर शॉर्ट सर्किट केव्हीए २५० भागिले ०.०५, म्हणजे ५०००. याला जोडलेल्या केव्हीएआरने भागा आणि वर्गमूळ काढा. येईल तो रेझोनन्सचा हार्मोनिक क्रमांक. महावितरणच्या लाईनचा इम्पिडन्स यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा खाली सरकतो, पण धोका ओळखायला एवढं पुरतं.

२५ केव्हीएआर जोडले: ५००० भागिले २५ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१. ठीक. ५० जोडले: १०. तेही बऱ्यापैकी ठीक, ११ पासून फार लांब नाही इतकंच. ७५ जोडले: ८.२. १०० जोडले: ७.०७. म्हणजे चौथी पंचवीसची स्टेप (एका वेळी जोडला जाणारा कंडेन्सर) लागताच तुमचा पॅनल ७व्या हार्मोनिकवर जाऊन बसला. पुढे १५० ला ५.८, आणि २०० ला बरोबर ५. दिवसभर स्वयंचलित रिले पॉवर फॅक्टर बघून स्टेप चढवत-उतरवत असतो आणि रेझोनन्स त्याच्याबरोबर हार्मोनिक्सच्या रांगेतून हिंडत असतो. म्हणूनच "सकाळी ठीक असतंय, दुपारी फ्यूज जातोय" असल्या तक्रारी येतात.

हे किती महागात पडतं तेही पाहा. कंडेन्सरचा अडथळा फ्रीक्वेन्सी वाढेल तसा घटतो. ७व्या हार्मोनिकला तो सातव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे बसबारवर (पॅनलमधल्या मुख्य पट्ट्यांवर) ७व्या हार्मोनिकचं व्होल्टेज फक्त १२ टक्के चढलं, तरी कंडेन्सरमध्ये त्या हार्मोनिकचा करंट मूळ करंटच्या ८४ टक्के होतो आणि एकूण करंट १.३ पट. कंडेन्सर सतत सोसू शकतो ती मर्यादा साधारण हीच. रेझोनन्स असेल तर १२ टक्के गाठायला फार मोठी भट्टी लागत नाही.

आणखी एक: रेझोनन्सचा जोर रोधक भाराने दबतो, मोटारींनी फारसा नाही. हीटर, ओव्हन बंद आणि फक्त ड्राइव्ह चालू, अशा रात्रपाळीत तो जास्त माजतो.

"आमच्याकडं भट्टी नाही, ड्राइव्ह नाही, आम्ही मोकळे" असंही समजू नका. शेजारी फाउंड्री असेल आणि दोघे एकाच ११ केव्ही फीडरवर असाल, तर तिचे हार्मोनिक तुमच्या ट्रान्सफॉर्मरमधून आत येतात. त्यांच्या दृष्टीने तुमचा ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये आहेत. सिरीज रेझोनन्सला हा मार्ग जवळजवळ मोकळा होतो आणि शेजाऱ्याची घाण तुमचा पॅनल ओढून घेतो. फ्रीक्वेन्सी तीच, सूत्र तेच. औद्योगिक वसाहतीत हे अगदी शक्य आहे.

गंमत अशी की ज्या भट्टीमुळे हा त्रास होतो, ती स्वतः रेझोनन्सवरच चालते. भट्टीच्या कॉइलचा पॉवर फॅक्टर ०.१च्या आसपास असतो. ५०० किलोवॅट धातूत उतरवायचे तर पाचेक हजार केव्हीएआर कॉइल आणि तिच्या पाण्याने थंड केलेल्या कंडेन्सर बँकेत घुमवावे लागतात. एवढं सगळं लाईनमधून आणायचं म्हटलं तर ट्रान्सफॉर्मर पुरायचा नाही, म्हणून ते रेझोनन्सने आतल्या आत फिरवलं जातं. भंगार टाकलं, तापत ७७० अंशांच्या पुढे गेलं की लोखंडाचं चुंबकत्व जातं, मग ते वितळतं, आणि या प्रत्येक टप्प्यावर कॉइलचा इंडक्टन्स बदलतो. इन्व्हर्टर आपली फ्रीक्वेन्सी सरकवत त्याच्या मागे राहतो. तिथे कुणीतरी लक्ष ठेवून आहे. पॅनलमध्ये नेमकं उलटं: हार्मोनिक जागचे हलत नाहीत, आपणच स्टेप टाकत रेझोनन्स त्यांच्यापर्यंत नेतो आणि लक्ष कुणाचंच नसतं.

पाचवी पायरी: क्लॅम्प मीटर लावा

हार्मोनिक अ‍ॅनालायझर भाड्याने मिळाला तर उत्तम. तोपर्यंत ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरनेही बरंच कळतं. साधा स्वस्त क्लॅम्प नको, वाकडीतिकडी लाट त्याला कमी दिसते.

२५ केव्हीएआर, ४४० व्होल्टच्या कंडेन्सरचा छापील करंट ३२.८ अँपिअर, ४१५ व्होल्टवर ३१ च्या जवळ. तिन्ही फेज मोजा. आधी भट्टी-ड्राइव्ह बंद असताना, मग चालू असताना, तेही एकेक स्टेप चढवत.

बंद असताना ३१ ऐवजी २२ आला किंवा एकच फेज कमी आला, तर कंडेन्सर आतून खलास होत चाललाय. बंद असताना ३१ आणि चालू होताच ४२-४४, तर हार्मोनिक आत शिरलाय. आणि एखाद्या ठराविक स्टेपलाच करंट उसळत असेल, तर चौथ्या पायरीतला आकडा काढून पडताळा. बहुधा ५ किंवा ७ च्या शेजारी सापडेल.

वायरमन सांगतो, "साहेब, आठीच्या आठी स्टेप लागल्यात, तरी पीएफ हलंना झालाय." अशा वेळी नववी स्टेप मागवू नका, एकेका स्टेपला क्लॅम्प लावायला सांगा. दोन कंडेन्सर मेलेले निघतात, एखाद्या कॉन्टॅक्टरचा (स्टेप जोडणाऱ्या स्विचचा) एक पोल जळालेला निघतो. सगळं ठणठणीत असूनही पीएफ हलत नसेल, तर मामला लाटेच्या विकृतीचा आहे. करंटमध्ये ६० टक्के हार्मोनिक असतील तर फक्त त्यापायी पॉवर फॅक्टर ०.८६ च्या वर जात नाही, कितीही कंडेन्सर टाका. तिथे ड्राइव्हला लाईन चोक किंवा फिल्टर लागतो.

मोजमापाआधीची खबरदारी: कंडेन्सरला हात लावायचा असेल तर सप्लाय बंद करून किमान पाच मिनिटं थांबा, मीटरने व्होल्टेज तपासा आणि मगच टर्मिनल शॉर्ट करा. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असू शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

सहावी पायरी: रिअ‍ॅक्टर

हिशोबात धोका दिसला तर प्रत्येक स्टेपला सिरीजमध्ये एक कॉइल, म्हणजे डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर घ्यायचा. बाजारात ७ टक्क्यांचा सर्रास मिळतो. ५० ला ०.०७ च्या वर्गमुळाने भागा: १८९ हर्ट्झ. या फ्रीक्वेन्सीच्या वर ती जोडी कंडेन्सरसारखी वागतच नाही, इंडक्टरसारखी वागते. त्यामुळे २५० हर्ट्झपासून पुढे ट्रान्सफॉर्मरशी रेझोनन्स होण्याचा प्रश्नच मिटतो, स्टेप कितीही लागोत. सिंगल फेजचा इलेक्ट्रॉनिक भार खूप असेल, म्हणजे ३रा हार्मोनिक जोरात असेल, तर १४ टक्क्यांचा घ्यावा, तो १३४ हर्ट्झला ट्यून होतो.

रिअ‍ॅक्टर घेतला आणि कंडेन्सर जुनेच ४४० व्होल्टचे ठेवले, हा प्रकार खर्च वाचवताना हमखास होतो. तो करू नका. ७ टक्के रिअ‍ॅक्टरमुळे कंडेन्सरवरचं व्होल्टेज ०.९३ ने भागल्याइतकं चढतं: ४१५ चं ४४६. रात्री लाईन ४४० ला गेली तर ४७३. म्हणून किमान ४८० चा, शक्यतो ५२५ व्होल्टचा कंडेन्सर. पण ५२५ वर छापलेले २५ केव्हीएआर ४१५ वर रिअ‍ॅक्टरसह जेमतेम १७ देतात. कोटेशनमध्ये छापील केव्हीएआर नाही, "४१५ व्होल्टला मिळणारे केव्हीएआर" असं लिहून घ्या. दोन कोटेशनमधला फरक बऱ्याचदा इथेच लपलेला असतो.

अर्ध्या स्टेप साध्या आणि अर्ध्या रिअ‍ॅक्टरच्या अशी खिचडी एका बसबारवर नको. शिवाय रिअ‍ॅक्टर तापतो. पॅनलला पंखा आणि हवा खेळायला जागा हवी. फाउंड्रीतली वाळूची धूळ जाळीत बसली की पंखा असून नसल्यासारखा.

सातवी पायरी: बसवताना

मोटरलाच कंडेन्सर जोडायचा असेल तर त्याचे केव्हीएआर मोटरच्या चुंबकनाच्या केव्हीएआरच्या ९० टक्क्यांच्या आत ठेवा. १० एचपीच्या मोटरला साधारण ३ ते ४. जास्त झाले तर सप्लाय गेल्यावरही फिरती मोटर जनरेटरसारखं व्होल्टेज बनवत राहते. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर कंडेन्सर वेगळ्या कॉन्टॅक्टरने, डेल्टा लागल्यावरच आत घ्यावा. आणि तो ओव्हरलोड रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडला असेल तर रिलेतून जाणारा करंट कमी होतो. सेटिंग तेवढं उतरवलं नाही तर मोटर जळेपर्यंत रिले ट्रिप होणार नाही. व्हीएफडीच्या आउटपुटला कंडेन्सर कधीही नाही, ड्राइव्ह जागच्या जागी मरेल.

पंचगंगेच्या काठावरच्या उपशाच्या पंपांना मात्र मोटरजवळचा कंडेन्सर हाच सरळ आणि स्वस्त उपाय. वायर लांब, सगळ्यांचे पंप एकाच वेळी चालू, व्होल्टेज पडलेलं. तिथे लाईन करंट उतरला की व्होल्टेज थोडं सावरतं. पूर येण्याआधी मोटरबरोबर तोही वर काढायचा, एवढं लक्षात ठेवा.

स्वयंचलित पॅनलमध्ये सीटी (रिलेसाठी करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) मेन इनकमरवर अशा जागी हवा की भार आणि कंडेन्सर दोन्हींचा करंट त्यातून जाईल. रिलेच्या आकृतीत जी फेज दाखवली आहे तीच घ्या. फेज चुकली की रिले लॅगला लीड समजतो आणि उलट्या स्टेप टाकतो. लक्ष्य ०.९८ ते ०.९९ ठेवा. १.०० चा हट्ट धरला की रिले सारखा लीडमध्ये जाऊन परत येतो, आणि लीडचे पैसे कसे लागतात ते पहिल्या पायरीत आलंच. कॉन्टॅक्टर कपॅसिटर ड्यूटीचाच घ्या. सुटलेली स्टेप पुन्हा लागण्याआधी डिस्चार्जला पुरेसा वेळ सेट करा.

छतावर सोलर आल्यावर

सोलर बसवल्यानंतर पॉवर फॅक्टर अचानक कोसळतो आणि दोष इन्व्हर्टरला जातो. हिशोब साधा आहे. भार ६० किलोवॅट आणि ३० केव्हीएआर असताना पॉवर फॅक्टर ०.८९ होता. सोलर ४० किलोवॅट देऊ लागलं. लाईनमधून आता २० किलोवॅट येतात, केव्हीएआर मात्र ३० च. नवा पॉवर फॅक्टर ०.५५. बिघाड कशातच नाही. अशा कारखान्यात स्टेप लहान घ्याव्या लागतात, ५ आणि १० च्या, कारण किलोवॅट कमी असताना थोडासा उरलेला केव्हीएआरही आकडा खाली खेचतो. सोलर इन्व्हर्टर केव्हीएआर देऊ शकत असेल तर बसवणाऱ्याकडून ते सेटिंग करून घ्या. रिलेचा सीटी सोलरच्या जोडणीच्या वरच्या बाजूला, म्हणजे महावितरणच्या मीटरला जे दिसतं तेच रिलेला दिसेल असा हवा.

शेवटी देखभाल. पॅनलच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: स्टेप क्रमांक, तिन्ही फेजचे अँपिअर, तारीख, भट्टी चालू की बंद. महिन्यातून एकदा भरा. मोठी व्हीएफडी आली, ट्रान्सफॉर्मर बदलला किंवा शेजारच्या प्लॉटवर भट्टीचं काम सुरू झालं, की चौथ्या पायरीचा हिशोब पुन्हा करा. २५० च्या जागी ५०० केव्हीए आला आणि इम्पिडन्स तेवढाच असेल, तर आधी १०० केव्हीएआरला गाठणारा ७वा हार्मोनिक आता २०० ला गाठेल.